शिडाच्या बोटीने मेक्सिकोचा किनारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघं सॅन डिएगोहून आमच्या ३६ फुटी शिडाच्या बोटीने निघालो आणि दोन हिवाळे मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर काढले. अधूनमधून बोट बांधून ठेवली आणि बस, रेल्वे, फेरी अशी मिळेल त्या वाहनाने देशाच्या आत फिरलो. पुण्या-नागपूरचे नातेवाईक, अमेरिकेतले मित्र, मित्रांचे मित्र, सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ज्यांना खरोखर निघायचं आहे ते डोळ्यांसमोर आहेत, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

नेमके कुठून कुठे गेलात?

पहिला टप्पा एन्सेनादा, सॅन डिएगोहून साधारण ६५ सागरी मैल. तिथून बाहा कॅलिफोर्नियाच्या लांबलचक द्वीपकल्पाच्या बाहेरच्या अंगाने खाली बाहिया तोर्तुगास, बाहिया सांता मारिया, माग्दालेनाचा उपसागर आणि शेवटी टोकावरचं काबो सान लुकास. सॅन डिएगो ते काबो सुमारे ७५० सागरी मैल होतात. हा किनारा ओसाड आहे, आसऱ्याच्या जागा मोजक्या आणि लांब लांब, आणि नोव्हेंबरात रात्री चांगलीच थंडी वाजते. मेक्सिको म्हणजे उकाडा अशा समजुतीने फक्त सुती कपडे घेऊन निघू नका. काबोला वळसा घातला की मात्र एका दिवसात स्वेटर कपाटात जातो.

पहिल्या हिवाळ्यात तिथून ला पास (नकाशात आपण ‘ला पाझ’ वाचतो ते), मग समुद्र ओलांडून मासातलान, बांदेरासचा उपसागर, आणि काबो कोरिएंतेसच्या पलीकडे चामेला, तेनाकातिता, बारा दे नाविदाद. मार्चमध्ये तोंड फिरवलं, वसंत ऋतू कोर्तेसच्या समुद्रात (बाहाचं द्वीपकल्प आणि मुख्य भूमी यांच्यामधलं आखात) काढला आणि जूनच्या सुरुवातीला ग्वायमासला बोट जमिनीवर चढवली. दुसऱ्या हिवाळ्यात मुद्दाम लांब गेलो नाही. कोर्तेसचा समुद्र आणि आतला देश, एवढंच ठरवलं होतं, आणि दोन्हींत तोच हिवाळा जास्त चांगला गेला.

बोटीचं नाव ‘मतलई’ का?

कोकणात रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. पहाटे त्याच्या जोरावर होड्या बाहेर पडतात. नवऱ्याचं आजोळ श्रीवर्धनचं, तिथे हा शब्द त्याने लहानपणापासून ऐकलेला. मेक्सिकोत या नावाचा अनपेक्षित फायदा झाला. ‘मा-ता-ला-ई’ स्पॅनिश जिभेला अगदी सरळ जातं, त्यामुळे रेडिओवर बंदराच्या माणसाने आम्हाला नाव पुन्हा सांगायला लावलं असं क्वचितच घडलं.

निघायचं कधी? डिसेंबरच्या सुट्टीत जमेल का?

सुट्टीच्या हिशेबाने नाही, चक्रीवादळांच्या हिशेबाने निघायचं. पूर्व प्रशांत महासागरात वादळांचा अधिकृत हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर असा धरतात. शेवटचे काही आठवडे जरा शांत असतात, म्हणून बहुतेक बोटी ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला सॅन डिएगो सोडतात. तारखा आणि अक्षांश तुमच्या विमा कंपनीच्या कागदावर लिहिलेले असतात. तो कागद आधी वाचा आणि मग नकाशा उघडा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस आलं तेव्हा आम्ही अमेरिकेत घरी होतो आणि बोट ग्वायमासच्या यार्डात टेकूंवर उभी होती. साधं वादळ म्हणून ज्याची नोंद होत होती ते साधारण एका दिवसात पाचव्या श्रेणीचं झालं आणि २५ तारखेला अकापुल्कोवर आदळलं. बंदरातल्या कितीतरी बोटी बुडाल्या, बोटींवर थांबलेली माणसं गेली. त्याआधी सप्टेंबर २०१४ मध्ये ओदिलने काबो आणि ला पासला असाच तडाखा दिला होता. ‘आमची बोट मजबूत आहे, बंदर बंदिस्त आहे, उन्हाळा इथेच काढू’ असं कोणी म्हणालं की मी या दोन वादळांची नावं घेते. उन्हाळ्यात बोट उत्तरेला न्या, जमिनीवर चढवा, शिडं उतरवा आणि घरी जा.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का? बोटीचे कागद कोणते?

नवरा अमेरिकी नागरिक आहे, माझा पासपोर्ट अजून भारतीय. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा तिथलं कायम वास्तव्य असलेल्या भारतीयांना मेक्सिकोत पर्यटक म्हणून जायला वेगळा व्हिसा लागत नाही. परवाना जास्तीत जास्त १८० दिवसांचा मिळतो. नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी मेक्सिकोच्या वकिलातीत खात्री करून घ्या.

बोटीला तात्पुरत्या आयातीचा परवाना लागतो. तो बान्हेर्सितो ही बँक देते आणि तो दहा वर्षं चालतो. इंजिनाचा क्रमांक, डिंगीच्या (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीच्या) मोटरचा क्रमांक, सगळं त्यावर येतं, म्हणून हे क्रमांक आधीच फोटो काढून ठेवा. नाहीतर इंजिनाच्या खोलीत उलटं लटकून टॉर्चच्या उजेडात वाचत बसावं लागतं. मेक्सिकोत चालणारा तृतीय-पक्ष विमाही हवा. पहिला प्रवेश एन्सेनादाला करा. तिथे इमिग्रेशन, बंदराचा कप्तान, कस्टम्स आणि बँक यांच्या खिडक्या एकाच इमारतीत आहेत. प्रत्येक कागदाच्या चार-पाच प्रती जवळ असू द्या आणि अर्धा दिवस राखून ठेवा.

रात्री बोट कोण चालवतं? थांबता का?

खोल पाण्यात नांगर पोचतच नाही, त्यामुळे थांबता येत नाही. आम्ही तीन-तीन तासांच्या पाळ्या लावल्या होत्या. रात्री नऊ ते बारा मी, बारा ते तीन तो, तीन ते सहा पुन्हा मी. सुकाणू बहुतेक वेळ ऑटोपायलटकडे असतं. पाळीवरच्या माणसाचं काम म्हणजे दर दहा मिनिटांनी क्षितिज फिरून पाहणं, जहाजांचे दिवे ओळखणं, वारा वाढला तर शीड कमी करणं. आमचा एक नियम कडक आहे. पाळीवर एकटं असताना कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेच्या, बाहेर पाऊल टाकायचं नाही. पुढे जायची वेळ आलीच तर दुसऱ्याला उठवायचं, मग तो कितीही गाढ झोपलेला असो.

ला पासकडून मासातलानला जाताना सुमारे २०० सागरी मैलांचं पाणी आहे, आमच्या वेगाने दीड ते पावणेदोन दिवस. त्या रात्री चंद्र नव्हता. बोटीच्या मागे पाणी हिरवट उजळत होतं आणि मध्येच दोन डॉल्फिन आले. दिसत नव्हते ते स्वतः, दिसत होते पाण्याखालचे त्यांचे उजेडाचे पट्टे, बोटीच्या पुढच्या टोकासमोरून तिरके कापत जाणारे. मी नवऱ्याला उठवलं. नियमात ते कारण बसत नव्हतं, पण उठवलं.

भीती वाटली असा प्रसंग?

एकदा, आणि चूक आमचीच होती.

ला पासजवळ एस्पिरितु सांतो नावाचं बेट आहे. त्याच्या पश्चिम बाजूला बोटांच्या सांध्यांसारख्या एकापाठोपाठ एक खाड्या आहेत. लाल-गुलाबी कडे, खाली पांढरी वाळू, मध्ये पोपटी पाणी. मे महिना होता, दिवसभर वाऱ्याची झुळूक नव्हती. आम्ही किनाऱ्याच्या जवळ नांगर टाकला आणि साखळी कमी सोडली. शांत तर आहे, असं म्हणून.

ला पासच्या परिसरात उन्हाळ्याच्या तोंडाशी रात्री कोरोमुएल नावाचा वारा वाहतो. प्रशांत महासागरावरची थंड हवा द्वीपकल्पाच्या सखल भागावरून ओढली जाते आणि नैर्ऋत्येकडून या बाजूला उतरते. त्या खाड्या नेमक्या त्याच दिशेला उघड्या आहेत. हे आम्ही वाचलेलं होतं. रात्री साडेअकराला वारा सुरू झाला, एक वाजेपर्यंत पंचवीस नॉटवर (ताशी पंचवीस सागरी मैलांवर) गेला. मला जाग आली ती आवाजाने नाही, हालचाल बदलली म्हणून. नांगर धरून असला की बोट वाऱ्याकडे तोंड करून झोके घेते. आता ती आडवी होऊन सरकत होती. खोली दाखवणारं यंत्र २.४ मीटर म्हणत होतं आणि आमच्या कीलला (बोटीच्या तळाच्या कण्याला) १.८ लागतात.

मी इंजिन सुरू केलं, तो पुढे साखळी ओढायला गेला. वाऱ्यात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हाताच्या खुणा ठरवून ठेवल्या आहेत. त्या रात्री त्याच्या कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात मला फक्त त्याचा हात दिसत होता. पुढे. पुढे. थांब. डावीकडे. नांगर वर आला तेव्हा आकडा २.१ होता. उजाडेपर्यंत बाहेर मोकळ्या पाण्यात फेऱ्या मारल्या.

तेव्हापासून खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडतो, वारा असो वा नसो, आणि संध्याकाळी जेवायला बसण्याआधी एकच प्रश्न एकमेकांना विचारतो : रात्री वारा फिरला तर कुठे जायचं?

हिवाळ्यात उलटी गोष्ट. तेव्हा उत्तरेचा वारा दोन-दोन, तीन-तीन दिवस सलग वाहतो आणि कोर्तेसच्या समुद्रात लाटा आखूड नि उभ्या उठतात. सान एवारिस्तोसारख्या, उत्तरेला डोंगर असलेल्या जागी गुपचूप बसून राहायचं. आम्ही एकदा पाच दिवस बसलो. तांदूळ होते, मूग होते, शेजारच्या बोटीवर पुस्तकं होती.

ला पासच्या बंदरात बोटी एकमेकींवर आपटतात हे खरं का?

तिथे भरती-ओहोटीचा ओढा एका दिशेला आणि वारा दुसऱ्या दिशेला असला की नांगरावरची प्रत्येक बोट आपापल्या तोंडाने फिरते. खलाशी याला ‘ला पासचा वॉल्ट्झ’ (वॉल्ट्झ म्हणजे गिरक्यांचा जोडीनाच) म्हणतात. शेजाऱ्यापासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा, भागतं.

समुद्री चाचे, टोळ्या, चोऱ्या? आईला झोप लागत नाही.

काकूंना सांगा, समुद्रात आमच्या वाटेला कोणी गेलं नाही. पांगा म्हणजे तिथल्या कोळ्यांच्या उघड्या मोटरबोटी. त्या रात्री जवळून जातात, कधी दिवाही नसतो, आणि पहिल्यांदा छातीत धडधडतं. बहुतेक वेळा त्यांना एवढंच सांगायचं असतं की पुढे जाळं आहे, बाजूने जा. एका पांग्यातल्या बाप-लेकाने जाळ्यात अडकलेला आमच्या बोटीचा पंखा (प्रोपेलर) पाण्यात उडी मारून सोडवून दिला आणि पैसे घ्यायला नकार दिला. शेवटी चहा-बिस्किटांवर तडजोड झाली.

चोरी होते ती डिंगीची आणि तिच्या मोटरची. रात्री डिंगी दोरीवर पाण्यात सोडू नका, उचलून बोटीच्या कठड्याला बांधा.

जमिनीवरची गोष्ट गंभीर आहे आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. सिनालोआ राज्यात, विशेषतः कुलियाकान शहरात, सप्टेंबर २०२४ पासून टोळ्यांमध्ये मोठा संघर्ष पेटला. आम्ही त्याआधी फिरलो. आज निघणाऱ्यांनी प्रत्येक राज्याची ताजी सूचना वाचावी, रात्रीचा रस्ता टाळावा आणि स्थानिक माणूस ‘आज नको’ म्हणाला तर तिथेच विषय संपवावा.

आत फिरायला जाता तेव्हा बोट कोण सांभाळतं?

बोट नांगरावर सोडून मुक्कामाला जाऊ नका. मरीनामध्ये, म्हणजे बोटी ठेवायच्या भाड्याच्या धक्क्यावर, बांधा आणि रोज एकदा डोकावणारा माणूस पैसे देऊन नेमा. आम्ही ला पास, मासातलान आणि बांदेरासच्या उपसागरातल्या ला क्रूसला बोट ठेवली. पाण्याचे सगळे कॉक बंद, गॅस बंद, दोऱ्या दुप्पट, जिथे दोरी घासते तिथे जुन्या पाइपचा तुकडा. एका मरीनामध्ये विजेच्या जोडणीत काहीतरी उलटसुलट होतं आणि आम्ही आठ दिवसांनी परतलो तेव्हा बॅटऱ्या कायमच्या गेल्या होत्या. पूर्वसूचना कोणी दिली नव्हती. तेव्हापासून किनाऱ्याची वीज जोडून निघायचं नाही, सोलर पॅनेलवर सोडायचं, हे ठरलं.

आतल्या कोणत्या सहली खरोखर कराव्यात?

इथे मी थोडी मोकळेपणाने बोलते, कारण अनेक बोटवाले दोन-दोन वर्षं किनाऱ्यावर राहून आतला देश न पाहता परत जातात. त्यांना बीचवरचे भोजनालयवाले भेटतात, मेक्सिको भेटत नाही. आमच्या दिवसांपैकी जवळजवळ एक तृतीयांश आम्ही जमिनीवर होतो.

*कॉपर कॅन्यनची रेल्वे.* बोट ला पासला ठेवून जवळच्या पिचिलिंगे बंदरातून फेरीने तोपोलोबाम्पो, तिथून एल चेपे ही गाडी. लोस मोचिसपासून चिवावापर्यंत सुमारे ६५० किलोमीटर, ३७ पूल आणि ८६ बोगदे. हा मार्ग १९६१ मध्ये पुरा झाला. समुद्रसपाटीच्या काटेरी रानातून गाडी चढत चढत पाईनच्या जंगलात, जवळजवळ २४०० मीटरवर पोचते. बोगद्यातून बाहेर, पुलावर, पुन्हा बोगद्यात, असं सुरू झालं की कोकण रेल्वेने गेलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. दिविसादेरोला उतरून दरीच्या काठावर उभं राहिलं की खालची नदी दोऱ्यासारखी दिसते. तिथे रारामुरी या आदिवासी जमातीच्या बायका पाईनच्या सुयांच्या टोपल्या विणत बसलेल्या असतात. भाव करू नका. एक टोपली विणताना मी तासभर पाहिली आहे.

*फुलपाखरं.* मिचोआकानच्या डोंगरात तीन हजार मीटरच्या आसपास ओयामेल जातीच्या झाडांवर उत्तर अमेरिकेतली मोनार्क फुलपाखरं नोव्हेंबर ते मार्च मुक्काम करतात. काही तर कॅनडाहून येतात. आम्ही ला क्रूसला बोट ठेवून ग्वादालाहारामार्गे बसने गेलो आणि आंगांगेओ गावात राहिलो. सकाळी थंडीत झाडं तपकिरी वाळक्या पानांनी लगडल्यासारखी दिसतात. ऊन पडलं की ती पानं उघडतात, नारिंगी होतात आणि उडतात. त्यांच्या पंखांचा आवाज येतो. मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. पत्र्यावर नाही, गवतावर पडणाऱ्या बारीक पावसासारखा आवाज. वाटाड्या ओठांवर बोट ठेवून उभा होता आणि पन्नास माणसांत कोणी बोलत नव्हतं.

*चापिंगो.* ही सहल कोणत्याही बोटवाल्याच्या यादीत नसते, पण मराठी माणसाने ती करावी असं मला मनापासून वाटतं. मेक्सिको सिटीच्या पूर्वेला तेस्कोकोजवळ चापिंगोचं कृषी विद्यापीठ आहे. वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, ब्रिटिशांमुळे मायदेशाचे दरवाजे बंद झाल्यावर १९२० च्या दशकात मेक्सिकोत आले आणि इथे शेतकीचे प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या वाणांवर त्यांनी काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले. चापिंगोत २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला.

माझं माहेर नागपूरचं. त्यांचं नाव मी शाळेत असताना ऐकलं होतं, तेही ओझरतं. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकाराने काढलेली भित्तिचित्रं आहेत. त्यातल्या ‘आमची भाकर’ अशा अर्थाच्या नावाच्या चित्रात टेबलाभोवती माणसं बसली आहेत आणि मध्ये बसलेला पुरुष सगळ्यांना पाव वाटून देतो आहे. त्याचा चेहरा खानखोज्यांचा. आम्ही त्या व्हरांड्यात बराच वेळ उभे होतो. शेजारून शाळेची एक सहल गेली. मी बाईंना माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की हे माझ्या गावाकडचे. त्यांनी सगळी मुलं थांबवली आणि मला म्हणाल्या, ‘यांना सांगा.’ मला जेवढं आलं तेवढं सांगितलं.

याशिवाय बाहामध्येच, बोटीपासून तासा-दोन तासांवर : लोरेतोहून डोंगरात सान हावियेरचं मिशन (इमारत १७५८ मध्ये पुरी झाली, मागे जुनी ऑलिव्हची झाडं), आणि सांता रोसालियाचं लोखंडी चर्च. त्या गावात फ्रेंच कंपनीने १८८५ पासून तांब्याची खाण चालवली, त्यामुळे घरं लाकडी आणि बेकरी अजूनही फ्रेंच वळणाची.

देवमासे दिसतात का?

दिसतात. डिसेंबर ते मार्च बांदेरासच्या उपसागरात हंपबॅक इतके असतात की दिवसा बोट चालवताना सतत लक्ष ठेवावं लागतं. ग्रे व्हेल मात्र बाहाच्या बाहेरच्या अंगाला सान इग्नासियोसारख्या खाऱ्या सरोवरांत पिल्लं घालायला येतात, जानेवारी ते मार्च. तिथे स्वतःच्या बोटीने हिंडता येत नाही, परवाना असलेल्या पांग्यातूनच जायचं. ते योग्यच आहे. माद्या आपणहून पिल्लाला घेऊन पांग्याजवळ येतात.

शाकाहारी माणसाने जगायचं कसं?

मी शाकाहारी आहे आणि दोन्ही हिवाळ्यांत वजन कमी झालं नाही. एकच मेख लक्षात ठेवा. घेवड्याच्या उसळीसारखे जे फ्रिहोलेस सगळीकडे मिळतात, ते पुष्कळदा डुकराच्या चरबीत परतलेले असतात. ‘सिन मांतेका’ म्हणजे ‘चरबी नको’ हे दोन शब्द पहिल्या दिवशी पाठ करा. भातही कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, तेही विचारा.

बाकी मंडई म्हणजे माहेर. ‘वेर्दोलागास’ म्हणून जुडी मिळते ती आपली घोळ. ‘नोपाल’ म्हणजे फड्या निवडुंगाची कोवळी पानं, काटे तासून, चिरून. भेंडीसारखी बुळबुळीत असतात, तव्यावर मिठाबरोबर कोरडी होईपर्यंत परता. भोपळ्याची फुलं चीजबरोबर तोर्तियात, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीत, घालून देतात. लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत, चिंचेचं सरबत. शंकूच्या आकाराच्या ढेपा मिळतात त्या ‘पिलोन्सियो’, म्हणजे गूळच. आणि ‘आलेग्रिया’ नावाची वडी विकत घेतली तर हातात येते राजगिऱ्याची वडी, अगदी आपली उपासाची. राजगिरा, मका, मिरची, टोमॅटो, पपई, सीताफळ हे सगळं अमेरिका खंडातून आपल्याकडे आलं हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण मंडईत एका ओळीत मांडलेलं पाहिलं तेव्हा कळलं.

मासातलानच्या मंडईमागे एक आजी तोर्तिया थापायच्या. मका रात्री चुन्याच्या पाण्यात उकळून भिजवायचा, सकाळी धुवून साल काढायची, मग दळायचा. चुन्यामुळे पीठ चिकट होतं आणि लाटी फाटत नाही. मी तिथे हाताने भाकरी थापून दाखवली, त्यांच्याच पिठाची. फुगली. त्यांनी ती तव्यावरून उचलून चार शेजारणींना दाखवली.

गोडा मसाला, हिंग आणि साबुदाणा घरून न्या. डाळी मोठ्या शहरांत मिळतात, तूर सोडून.

स्पॅनिश यायलाच हवं का?

हो, थोडं तरी. मराठी माणसाला ते इंग्रजांपेक्षा सोपं जातं, कारण त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून होतात आणि लिहिलेलं तसंच वाचायचं असतं. आपल्या शब्दांशी मिळतेजुळते शब्दही मदतीला येतात. मेज म्हणजे ‘मेसा’, साबण म्हणजे ‘हाबोन’, पगार देणं म्हणजे ‘पागार’. दुकानात शिरताना आधी ‘बुएनोस दियास’, कोणी जेवताना दिसलं तर ‘प्रोवेचो’. हे न म्हणता थेट कामाचं बोलणं तिथे उद्धटपणाचं समजतात.

मासे पकडता येतात का?

बोटीवर गळ असेल तर बोटीवरच्या प्रत्येक माणसाला परवाना हवा. शिंपले-खेकडे परदेशी माणसाने काढायचे नाहीत.

खर्च किती?

आकडा बोटीच्या वयावर आणि तुमच्या सवयींवर ठरतो. आमचं सूत्र सांगते : नांगरावर राहणं फुकट, मरीना महाग, आणि बोटीची दुरुस्ती सगळ्यांत महाग. महिन्यातल्या वीसेक रात्री नांगरावर काढल्या तर सॅन डिएगोतल्या भाड्यापेक्षा कमीत निभतं. लहान गावांत रोख पेसोच चालतात, एटीएम पुढच्या बंदरात असतं.

चोवीस तास दोघंच, छत्तीस फुटांत. भांडणं होत नाहीत?

होतात, आणि ठरलेल्या वेळी होतात : नांगर टाकताना आणि बंदरात बोट लावताना. पहिल्या महिन्यात तो मागून ओरडायचा, मी पुढून. एकमेकांचं ऐकू न येऊन राग यायचा. हाताच्या खुणा सुरू केल्यावर निम्मी भांडणं संपली. दुसरं, कामं अदलाबदल करायची. सुरुवातीला सुकाणू त्याच्याकडे आणि साखळी ओढणं माझ्याकडे असायचं. आता आलटूनपालटून. बायकांना मी आग्रहाने सांगते, सुकाणू आणि इंजिन दोन्ही स्वतः शिका. त्या कोरोमुएलच्या रात्री मला बोट चालवता येत नसती तर ती वाळूवर गेली असती.

परत कसे येता?

बाहाच्या बाहेरच्या अंगाला बहुतेक काळ वारा वायव्येकडून येतो. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. परतीच्या या प्रवासाला ‘बाहा बॅश’ (बॅश म्हणजे आपटणं) म्हणतात आणि ते नाव योग्य आहे. दुसरा मार्ग म्हणजे सान कार्लोसहून बोट ट्रकवर चढवून ॲरिझोनात आणणं. आम्ही दोन्ही केलं नाही, बोट ग्वायमासलाच आहे.

आम्ही आठवडाभर येऊ का?

या, जरूर या. तारीख सांगा किंवा ठिकाण सांगा, दोन्ही मात्र ठरवून देऊ नका, कारण वाऱ्याला तिकिटं कळत नाहीत. एप्रिलमध्ये लोरेतो सगळ्यांत बरं. पाणी गरम व्हायला लागलेलं असतं, मोबुला जातीच्या पाकटांचे थवे पाण्याबाहेर हात-दोन हात उडी मारून पोटावर आपटतात आणि पहाटे त्याच आवाजाने जाग येते. सामान मऊ पिशवीत आणा, चाकांची सूटकेस बोटीत ठेवायला जागा नाही. उलटीची गोळी निघण्याच्या आदल्या रात्री घ्यायची, लाट लागल्यावर नाही. आणि जमलं तर अर्धा किलो तूरडाळ.